ओक बेटावरचे गुप्तधन

श्रोते मंडळी, गुप्तधनाची एखादी तरी गोष्ट नाही असे गाव शोधून सापडायचे नाही. कुठे पडक्या वाड्याच्या जोत्यात मोहरांचा हंडा असतो, तर कुठे ओसाड विहिरीच्या कपारीत. त्यावर म्हणे नाग बसलेला असतो, आणि पायाळू माणसालाच तो दिसतो. आपण ऐकतो, हसतो आणि सोडून देतो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात येतेच, की समजा, खरेच असला तर?

हे ‘समजा’ फार बलवत्तर आहे, बरं का. या एका शब्दाने माणसांना दोनशे वर्षांहून अधिक काळ एकाच बेटावर खणायला लावले. खणणारे काही अडाणी नव्हते. त्यांत व्यापारी होते, इंजिनिअर होते, आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले एक गृहस्थही होते. त्या बेटाची हकीकत आज सांगावी असे योजले आहे. आधी गोष्ट जशी सांगतात तशी सांगतो. मग ती आपण थोडी उलटसुलट करून पाहू.

कॅनडा देशाच्या पूर्व टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी, नोव्हा स्कॉशिया नावाचा प्रांत आहे. तेथे माहोन नावाच्या उपसागरात लहानमोठी पुष्कळ बेटे विखुरलेली आहेत. त्यांतले एक ओक बेट. क्षेत्रफळ सुमारे 140 एकर, म्हणजे आपल्याकडच्या बेताच्या गावाच्या शिवाराहूनही लहान. किनाऱ्यापासून अंतर सुमारे 200 मीटर. काठावरून जोराने हाक मारली तर पलीकडे ऐकू जावी, इतकेच. ओक हा तिकडचा कणखर लाकडाचा मोठा वृक्ष. त्यावरून बेटाला नाव पडले.

गोष्ट अशी. 1795 साली डॅनियल मॅकगिनिस नावाचा एक तरुण बेटावर हिंडत असता एका जुन्या ओकाखाली त्याला जमीन वाटोळी खचलेली दिसली. वरच्या फांदीला जहाजावरची जुनी कप्पी लटकत होती. त्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांच्या गोष्टी घरोघर चालत. मॅकगिनिसने जॉन स्मिथ आणि अँथनी व्हॉन या दोघा मित्रांना गाठले, आणि तिघे कुदळ-फावडी घेऊन खणायला लागले. दोन-चार फुटांवर फरशीचा थर लागला. दहा फुटांवर ओकाचे ओंडके आडवे बसवलेले आढळले. ते काढून आणखी दहा फूट गेले, तो पुन्हा ओंडके. तीस फुटांवर पुन्हा तेच. तिघांच्या बळाने पुढे जाईना, म्हणून त्यांनी काम थांबवले. जागा मात्र मनात धरून ठेवली.

सुमारे 1804 मध्ये ऑन्स्लो गावच्या मंडळींनी भांडवल जमवून एक कंपनी काढली. दर दहा फुटांना ओंडके लागत गेले. नव्वद फुटांवर एक दगड निघाला, त्यावर अनोळखी चिन्हे कोरलेली होती. त्याखाली पहारीने चाचपले तो काहीतरी कठीण लागले. पेटीच असणार! अंधार पडला होता, तेव्हा धन वर काढायचे ते आता उजाडल्यावर, असे ठरवून मंडळी घरी गेली. परत येऊन पाहतात तो खड्ड्यात साठ फूट पाणी! आपल्याकडे विहिरीला पाणी लागले की नारळ फोडतात. या मंडळींनी कपाळाला हात लावला. बादल्यांनी उपसून पाहिले, पाणी तसूभर हलेना. शेजारी दुसरा खड्डा खणून खालच्या अंगाने पहिल्याकडे जाण्याचा यत्न केला, तर तोही पाण्याने भरला.

1849 साली ट्रुरो गावच्या लोकांची दुसरी कंपनी आली. तिने पाण्याखालची जमीन गिरमिटाने भोसकून पाहिली. गिरमिट लाकडातून गेले, मग सुट्या धातूच्या तुकड्यांतून गेल्यासारखे वाटले, मग पुन्हा लाकडातून. वर येताना त्याबरोबर सोन्याच्या साखळीच्या तीन कड्या आल्या, असे सांगतात. याच लोकांना आणखी एक गोष्ट कळली. खड्ड्यातले पाणी खारे होते, आणि समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर चढत-उतरत होते. मग त्यांनी जवळची पुळण उकरली. वाळूखाली दगडांचे पाट बसवलेले निघाले, आणि त्यांवर काथ्याचा जाड थर. काथ्या म्हणजे नारळाची सोडणे कुजवून, झोडपून काढलेला तोच तंतू, जो आपल्या कोकणच्या माणसाच्या रोजच्या वापरातला. पण कॅनडाच्या बर्फात नारळ कुठला?

झाले! सगळा उलगडा झाला असे लोकांना वाटले. धन पुरणाऱ्याने समुद्रापासून खड्ड्यापर्यंत चोरवाट काढली असली पाहिजे. ओंडक्यांचा अमुक थर काढला की समुद्र आत यावा आणि चोराचे हात रिकामे राहावेत, अशी ती योजना. आणि ज्याने एवढा खटाटोप केला, त्याने आत काही थोडेथोडके ठेवले असेल काय?

श्रोते मंडळी, येथे क्षणभर थांबू या. खणणाऱ्यांच्या विचाराने येथे कसे वळण घेतले ते पाहा. पाणी लागले ही खरे तर अडचण. पण या क्षणापासून अडचण हाच पुरावा झाला. पाणी जितके जास्त, तितकी चोरवाट पक्की. चोरवाट जितकी पक्की, तितके धन मोठे. असा विचार एकदा मनात बसला की कुठल्याही अपयशाने तो निघत नाही. उलट प्रत्येक अपयश त्याला खतपाणी घालते.

पुढची शंभर वर्षे याच वाटेने गेली. 1861 साली नव्या कंपनीने वाफेचा पंप आणला. त्याचा बॉयलर फुटला आणि एक मजूर भाजून मेला. त्या सुमारासच आजूबाजूला खणलेल्या खड्ड्यांमुळे मूळ खड्ड्याचा तळ ढासळला आणि आतले ओंडके आणखी खाली गेले. आता निराश होऊन परत जावे की नाही? पण लोक म्हणाले, पेट्या खाली गेल्या! 1897 मध्ये मेनार्ड कायझर नावाचा मजूर खड्ड्यातून वर ओढला जात असता पडून मेला. त्याच वर्षी गिरमिटाबरोबर चर्मपत्राचा एक लहानसा कपटा वर आला. त्यावर शाईने लिहिलेली दोन अक्षरे होती. दोन अक्षरांवरून मोठमोठे ग्रंथ खाली दडवले असल्याचे तर्क निघाले.

1909 साली न्यूयॉर्कच्या एका मंडळीने तेथे खोदकाम केले. तिच्यात सत्तावीस वर्षांचा एक तरुण वकील होता. फ्रँकलिन रूझवेल्ट हे त्याचे नाव. हेच रूझवेल्ट 1933 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्या मंडळीच्या इंजिनिअरला काही सापडले नाही, आणि 1911 मध्ये त्याने एका साप्ताहिकात लेख लिहून सांगून टाकले की तेथे धन नाही आणि कधी नव्हते. ते कोण ऐकतो?

त्यानंतरचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. 1935 साली गिल्बर्ट हेडन या अमेरिकन व्यावसायिकाने खड्ड्याभोवतालची जमीन विकत घेतली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कॅप्टन किड या चाच्याविषयी एक पुस्तक निघाले होते, आणि त्यात एका बेटाचा नकाशा होता. हेडनला तो ओक बेटाशी जुळता वाटला. नकाशात सांगितल्याप्रमाणे पावले मोजून पाहिली, तो भोके पाडलेले दगड आणि जमिनीवर दगडांनी आखलेला त्रिकोणही सापडला. हेडन 1937 मध्ये मुद्दाम इंग्लंडला गेला आणि पुस्तकाच्या लेखकाला भेटला. लेखकाने कबूल केले की नकाशा आपण मनाने काढला आहे! मनाने काढलेला नकाशा जमिनीला जुळला कसा? कारण जुळवणाऱ्याला तो जुळायला हवा होता. पावले चार इकडे, चार तिकडे धरली की पुष्कळ काही जुळते.

आता मी ज्या प्रसंगाकडे येतो आहे तो सांगताना हसू येत नाही. रॉबर्ट रेस्टॉल आणि त्याची पत्नी मिल्ड्रेड ही पूर्वी जत्रेतून लोखंडी जाळीच्या गोलात मोटारसायकल फिरवण्याचा खेळ करीत. 1959 मध्ये हे कुटुंब बिऱ्हाड घेऊन ओक बेटावर आले. नवरा, बायको आणि दोन मुलगे खोपटात राहत. घरात वीज नाही, नळ नाही. हिवाळ्यात भोवती बर्फ. बाप आणि थोरला मुलगा सहा वर्षे खणत होते.

17 ऑगस्ट 1965. पुळणीजवळ एक खड्डा खणला होता, सुमारे 27 फूट खोल. काठावर पंप चालू होता. रेस्टॉल खड्ड्यात उतरला की डोकावताना आत पडला, ते कोणी नेमके पाहिले नाही. मुलाने पाहिले ते एवढेच, की बाप तळाला पडला आहे. तो तसाच मागोमाग उतरला, आणि तोही पडला. त्यांच्या मागे रेस्टॉलचा भागीदार कार्ल ग्रेसर उतरला, आणि कोवळ्या वयाचा एक मजूर, सिरिल हिल्ट्झ, हाही उतरला. खड्ड्यात विषारी वायू साठला होता. चौघेही वर आले ते प्रेत म्हणूनच. त्या वेळी तेथे बेट पाहायला आलेला अग्निशमन दलाचा एक अधिकारी होता. तो मात्र दोर बांधून घेऊन खाली उतरला, आणि बेशुद्ध पडलेल्या आणखी एका माणसाला वर काढू शकला.

श्रोते मंडळी, ही गोष्ट कॅनडातली असली तरी अशी दुर्घटना आपल्या ओळखीची आहे. जुनी विहीर साफ करायला, शौचालयाची किंवा गोबरगॅसची टाकी उपसायला एक जण उतरतो आणि पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला शेजारी. वायू एकाचा जीव घेतो आणि माया बाकीच्यांचा. म्हणून हात जोडून सांगतो. कंदील खाली सोडला आणि विझला नाही, म्हणून हवा चांगली आहे असे समजू नका. कित्येक विषारी वायूंत ज्योत जळत राहते, आणि काही वायू तर ज्योतीने पेट घेतात. विहिरीच्या काठावर किंवा आत इंजिन चालवून लगेच खाली उतरू नका. आणि कोणी पडलाच, तर त्याच्या मागे उडी घालू नका. 112 या क्रमांकावर मदत बोलवा आणि आत वारा जाईल अशी खटपट वरूनच करा. मागे उतरणाऱ्याला भित्रा कोणी म्हणणार नाही, पण न उतरणाराच बहुधा दोघांना वाचवतो.

ओक बेटाकडे परत येऊ. चार माणसे गेली, तरी काम थांबले नाही. त्याच साली रॉबर्ट डनफिल्ड या भूगर्भशास्त्रज्ञाने किनाऱ्यापासून बेटापर्यंत भराव घालून रस्ता केला आणि सत्तर टनी क्रेन आणली. त्याने सुमारे शंभर फूट रुंद आणि एकशेतीस फुटांहून खोल असा अजस्र खड्डा काढला. धन मिळाले नाही. मिळाले असते ते दुसरे काही होते, म्हणजे मूळ खड्डा कसा होता याचा थोडाफार मागमूस. तोही त्या मातीबरोबर उपसला गेला. खरं सांगू? मूळ खड्डा नेमका कोणत्या जागी होता, याविषयीच त्याच्या कितीतरी आधीपासून वाद सुरू झाला होता, इतके खड्डे भोवती पडले होते.

मग डॅन ब्लँकनशिप आला. अमेरिकेतल्या मायामी शहरी बांधकामाचे कंत्राट घेणारा गृहस्थ. मासिकातला एक लेख वाचून त्याने घरदार हलवले. 1971 साली त्याने 235 फूट खोल छिद्र पाडून त्यात कॅमेरा सोडला. गढूळ पाण्यातल्या त्या अंधुक चित्रांत कोणाला पेट्या दिसल्या, कोणाला माणसाचा हात. 1976 मध्ये तो स्वतः त्या छिद्रात असता वरची लोखंडी नळी चेपू लागली, आणि थोडक्यात वर ओढून घेतला म्हणून वाचला. पन्नासहून अधिक वर्षे बेटापायी घालवून तो 2019 मध्ये पंचाण्णव वर्षांचा होऊन वारला. त्याच मासिकातला तोच लेख मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलानेही वाचला होता. रिक लगिना हे त्याचे नाव. मोठेपणी त्याने आणि त्याच्या भावाने बेटाचा बराच भाग घेतला, आणि 2014 पासून त्यांच्या खोदकामावर दूरचित्रवाणीची मालिका सुरू झाली. नाणी निघाली, खिळे निघाले, शिशाचा लहान क्रूस निघाला. हंडा काही निघाला नाही.

आता ही गोष्ट आपण उलटून पाहू. शिक्षक मंडळींनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण वर्गात याचा उपयोग होईल. कोणतीही गोष्ट ऐकली की तीन प्रश्न विचारावेत. पाहिले कोणी? लिहिले केव्हा? आज हाती काय आहे?

पहिल्या दोन प्रश्नांना लावून पाहा. तिघा तरुणांनी खणले 1795 मध्ये. पण या खोदकामाची पहिली माहीत असलेली छापील नोंद 1857 सालची आहे. मध्ये साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. लहानपणी ऐकलेली गोष्ट आजोबा झाल्यावर सांगताना किती वाढते, हे आपल्या घरात आपण पाहतोच. शिवाय बेट निर्जन नव्हते. 1762 सालीच त्याची मोजणी होऊन चार-चार एकरांचे 32 तुकडे पाडले गेले होते, आणि जॉन स्मिथने त्यांतला एक विकत घेतला होता. म्हणजे हे लोक गूढ बेटावर आलेले दर्यावर्दी नव्हते, आपल्यासारखेच जमीनजुमल्याचे धनी होते.

तिसरा प्रश्न. आज हाती काय आहे? कोरलेला दगड हॅलिफॅक्सच्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात कातडे कुटायला वापरला गेला, असे सांगतात, आणि पुढे नाहीसा झाला. त्यावरची म्हणून जी चिन्हे आज पुस्तकांत दिसतात, ती 20 व्या शतकाच्या मध्यावर छापलेली आहेत. त्यांचा अर्थ लावला तर ‘खाली 20 लाख पौंड आहेत’ असा निघतो. धन लपवणाराच दगडावर रक्कम लिहून ठेवील काय? सोन्याच्या तीन कड्यांचाही ठावठिकाणा नाही. ओकाचे ओंडके नाहीत, झाड नाही, कप्पी नाही.

चाच्याचे म्हणाल, तर कॅप्टन किडची हकीकत आपल्याच किनाऱ्याशी निगडित आहे. 1697 मध्ये तो कारवारला पाणी भरायला आला होता, आणि त्याच्यावर गोव्याच्या पोर्तुगीजांनी दोन लढाऊ जहाजे सोडली होती. 1698 च्या जानेवारीत त्याने कोचीनजवळ ‘केदा मर्चंट’ नावाचे मोठे व्यापारी जहाज पकडले. ते बंगालहून सुरतेला चालले होते. त्यात काय होते? मलमल, रेशीम, साखर, अफू, लोखंड, सोरा. म्हणजे बहुतेक माल असा, की पुरला तर पहिल्याच पावसाळ्यात कुजून जावा. त्या प्रकरणाने औरंगजेबाचे सरकार खवळले आणि सुरतेच्या इंग्रज वखारीची पाचावर धारण बसली. शेवटी 1701 मध्ये लंडनला किडला फाशी झाली. त्याने धन पुरले हे अगदीच खोटे नाही. 1699 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर बेटावर त्याने काही पुरले होते. पण गव्हर्नरने ते त्याच साली उकरून, मोजून, यादी करून ताब्यात घेतले. एवढे एकच त्याचे पुरलेले धन इतिहासाला ठाऊक आहे, आणि ते काही महिनेसुद्धा जमिनीत राहिले नाही.

मग खड्डा? आणि पाणी? ओक बेटाच्या त्या भागात जमिनीखाली चुनखडी आणि जिप्सम यांचे थर आहेत. पाण्याने ते विरघळतात, आत पोकळ्या होतात, आणि वरची जमीन एखाद्या दिवशी वाटोळी खचते. 1878 साली त्याच बेटावर नांगरताना एका बैलाच्या पायाखालची जमीन अशीच खचली होती. खचलेल्या खळग्यात वादळाने पडलेली झाडे, दगड, पाला थराथराने साचतात, आणि खणणाऱ्याला ते कोणी मुद्दाम रचल्यासारखे वाटतात. 1995 मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होल या नामांकित सागरविज्ञान संस्थेने बेटाची पाहणी केली. खड्ड्यातल्या पाण्याचा चढउतार बहुधा नैसर्गिक आहे, जमिनीतले गोडे पाणी आणि भरती-ओहोटीचा दाब यांच्या खेळाने तो होतो, असे तिच्या अभ्यासातून निघाले. समुद्रकाठी विहीर असणाऱ्या आपल्या कोळी-भंडारी बांधवांना याचे काहीच नवल वाटू नये. भरतीला विहीर चढते, हे त्यांना संस्थेवाचून माहीत आहे.

पुळणीतले दगडी पाट मात्र माणसांनीच बांधलेले असावेत. ते मीठ काढण्याच्या कामाचे असतील, असा काही अभ्यासकांचा कयास आहे. काथ्याही खरा आहे. जुन्या काळी जहाजात माल हलू नये म्हणून तो भरीत. शास्त्रीय पद्धतीने वय काढता त्याचे काही नमुने 13 व्या-14 व्या शतकातले निघाले. हे कोडे मोलाचे आहे आणि त्याचा शोध घ्यावा. पण तो शोध हळुवार हाताने घ्यायचा असतो, कुंचल्याने आणि वहीने. धनाच्या मागे लागलेल्या माणसाजवळ पहार असते, आणि उत्तर जेथे असते तेथूनच ती घुसते.

एवढ्यावरून ‘तेथे काहीही नाही’ असे मी शपथेवर सांगणार नाही. मला सांगायचे ते वेगळेच आहे. दोनशे वर्षांत तेथे गेलेल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, धन कोठे आहे? पण धन नसेल तर ते आपल्याला कशावरून कळेल, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. असा प्रश्न आधी न विचारता जो खणतो, त्याच्या खड्ड्याला तळ नसतो. शंभर फुटांवर नाही तर दीडशेवर, येथे नाही तर शेजारी. आजोबाने खर्च केला तो फुकट जाऊ नये म्हणून नातू खर्च करतो.

त्या बेटाविषयी एक वेडगळ समजूत आहे. सात माणसांचा बळी गेला की धन मिळेल, असे म्हणतात. सहा गेले, आता एकच उरला, असे लोक हिशेबाने बोलतात. ऐकून अंगावर काटा येतो ना? कारण हा हिशेब आपल्याकडेही ऐकू येतो. गुप्तधनासाठी कोंबडे मागणारा मांत्रिक उद्या काय मागेल याचा नेम नाही. गुप्तधनासाठी असली अघोरी कृत्ये करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे गावोगाव सांगितले पाहिजे. आणि नांगराच्या फाळाला खरोखरच काही लागले, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाच्या अशा धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ते मुकाट्याने वितळवू नये. एका जुन्या नाण्याने गावाचा इतिहास उजेडात येतो. वितळल्यावर नुसता सोनाराचा काटा हलतो.

शिक्षक मंडळींना एक विनंती करून संपवतो. तुमच्या गावातली गुप्तधनाची गोष्ट मुलांना गोळा करायला सांगा. ती कोणी सांगितली, त्यांनी कोणाकडून ऐकली, कोणती जागा दाखवतात, हे त्यांना वहीत लिहू द्या. दोन घरांतल्या गोष्टी जुळतात का, हे वर्गात पडताळून पाहा. हंडा मिळणार नाही, पण ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांत फरक करण्याची सवय मुलांना लागेल. रेस्टॉलच्या घरी ही सवय असती, तर बाप आणि मुलगा त्या दिवशी संध्याकाळी जेवायला घरी आले असते, असे मला वाटते.